पारदर्शक प्लास्टिकचे सायकल-चाक : रचना, मर्यादा आणि अध्यापनातील उपयोग

सारांश

सायकलीचे तारांचे चाक ही पूर्वताणावर उभी असलेली रचना आहे. तारा काढून त्यांच्या जागी पारदर्शक प्लास्टिकच्या चकत्या बसविल्या तर चाकाचे केवळ रूप बदलत नाही, त्यातील बलांचे वहनही बदलते. प्रस्तुत लेखात बैलगाडीचे चाक, तारांचे चाक आणि प्लास्टिकच्या चकतीचे चाक यांची तुलना केली आहे. अॅक्रिलिक व पॉलिकार्बोनेट या दोन द्रव्यांचे गुणधर्म, चकतीच्या चाकाचे प्राथमिक गणित आणि बांधणीची पद्धत यांचेही विवेचन केले आहे. वाहनाचा भाग म्हणून असे चाक तारांच्या चाकापेक्षा सरस ठरत नाही. मात्र ध्रुवित प्रकाशात त्यातील प्रतिबल रंगांच्या रूपाने दिसू शकते आणि या गुणामुळे ग्रामीण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते एक समर्थ शैक्षणिक साधन ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सायकल-चाक, पूर्वताण, पॉलिकार्बोनेट, अॅक्रिलिक, प्रकाशस्थितिस्थापकता, अल्पखर्ची शैक्षणिक साधने.

१. प्रस्तावना

शिराळा तालुक्यासारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला चाकाची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. मोरणा आणि वारणा यांच्या खोऱ्यांत त्याने बैलगाडी पाहिलेली असते, सायकल चालविलेली असते आणि गळीत हंगामात उसाच्या गाड्यांची रांगही पाहिलेली असते. असे असूनही पदवीच्या वर्गात बलांचे संतुलन, प्रतिबल, विकृती या संकल्पना शिकविताना आपण फळ्यावर बाण काढतो आणि चाकाचे उदाहरण एका वाक्यात संपवितो. पदार्थाच्या आतील बल डोळ्यांना दिसत नाही, ही यातील खरी अडचण आहे. विद्यार्थी सूत्र पाठ करतो, पण पदार्थाच्या कोणत्या भागावर किती भार येतो याचे चित्र त्याच्या मनात उभे राहत नाही.

दुसरी अडचण प्रकल्पांच्या बाबतीत जाणवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार झालेल्या पुनर्रचनेत प्रकल्पकार्याला श्रेयांक मिळू लागले आहेत. आविष्कार संशोधन महोत्सवासारख्या स्पर्धांमुळेही विद्यार्थी नवनवीन प्रतिकृती तयार करतात. मात्र अशा प्रतिकृतींविषयी ‘हलकी’, ‘स्वस्त’, ‘अधिक मजबूत’ असे दावे मोजमापाशिवाय केले जाण्याचा धोका असतो. पारदर्शक प्लास्टिकचे सायकल-चाक हा विषय या दोन्ही अडचणींना एकाच वेळी भिडतो. ते दिसायला आकर्षक असल्यामुळे फसव्या दाव्यांना जागा देते, आणि पारदर्शक असल्यामुळे त्या दाव्यांची तपासणी करण्याचे साधनही तेच पुरविते.

२. चाकाच्या दोन परंपरा : दाब आणि ताण

प्लास्टिकच्या चाकाकडे वळण्यापूर्वी आपल्या परिचयाच्या दोन चाकांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे.

बैलगाडीच्या पारंपरिक लाकडी चाकात मध्यभागी तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले पुठ्ठे आणि सर्वांत बाहेर लोखंडी धाव असते. गाडीचा भार तुंब्यातून खालच्या आऱ्यांवर येतो. हे आरे दाबले जातात आणि जमिनीला भार पोहोचवितात. येथे एक महत्त्वाची कारागिरी आहे. धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान ठेवली जाते. ती गोवऱ्यांच्या आगीत तापवून प्रसरण पावल्यावर चाकावर चढविली जाते आणि लगेच पाणी ओतून थंड केली जाते. आकुंचन पावणारी धाव पुठ्ठ्यांना आत दाबते आणि सर्व सांधे घट्ट बसतात. गाडीवर भार येण्यापूर्वीच चाकात दाब साठविलेला असतो. आधुनिक अभियांत्रिकीत ज्याला पूर्वप्रतिबल म्हणतात, ते सुतार आणि लोहार पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत.

सायकलीच्या चाकात याच्या नेमके उलट घडते. सुमारे २ मिलिमीटर व्यासाची पोलादी तार दाब सहन करू शकत नाही, ती लगेच वाकते. म्हणून तिला ताणून बसवावे लागते. ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना इंग्लंडमध्ये जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये उड्डाणयंत्राच्या संदर्भात मांडली होती. पॅरिसच्या युजीन मेयर यांनी १८६९ मध्ये सायकलीसाठी अशा चाकाचे पेटंट घेतले, तर जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये हबला स्पर्शिकेच्या दिशेने बसविलेल्या तारांची रचना पुढे आणली. स्पर्शिकेच्या दिशेमुळे पायडलचा पीळ हबकडून रिमकडे पोहोचणे सोपे झाले. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि आजच्या सायकलीचे चाक पूर्ण झाले. आपल्या ऊसपट्ट्यात टायरच्या बैलगाडीला ‘डनलॉप’ म्हणण्याचा प्रघात आहे, तो याच नावावरून.

तारांच्या चाकात प्रत्येक तारेवर साधारणपणे १०० किलोग्रॅम-बल, म्हणजे सुमारे १००० न्यूटन इतका ताण असू शकतो. २ मिलिमीटर व्यासाच्या तारेचे छेदक्षेत्र ३.१४ चौरस मिलिमीटर भरते, त्यामुळे तारेतील प्रतिबल ३०० मेगापास्कलच्या वर जाते. स्वार बसल्यावर काय होते, याविषयी एक गैरसमज आढळतो. हब वरच्या तारांना टांगलेले असते आणि त्या अधिक ताणल्या जातात, असे मानले जाते. प्रत्यक्षात वरच्या तारांच्या ताणात अत्यल्प फरक पडतो आणि जमिनीलगतच्या मोजक्या तारांचा ताण लक्षणीय कमी होतो. जोबस्ट ब्रँट यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बायसिकल व्हील’ या ग्रंथात हे विवेचन सविस्तर केले आहे. पूर्वताण शिल्लक आहे तोपर्यंत ताण कमी होणे आणि दाब वाढणे यांचा परिणाम सारखाच असतो, त्यामुळे नाजूक तार खांबासारखे काम करते. सायकल दुरुस्त करणारा कारागीर निपल फिरवून चाकाचा ‘आउट’ काढतो, तेव्हा तो याच पूर्वताणाचे समतोल वाटप करीत असतो.

३. प्रादेशिक पार्श्वभूमी

सायकल आणि यंत्रविद्या यांचे नाते या परिसराला नवे नाही. डनलॉप यांनी टायरचे पेटंट घेतले त्याच १८८८ या वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभ बेळगाव येथील सायकलींच्या दुकानाने झाला. पुढे लोखंडी नांगर व इतर शेती-अवजारांकडे वळलेल्या या उद्योगाला औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी आश्रय दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. ही वसाहत आज सांगली जिल्ह्यातच आहे. अलीकडच्या काळात सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांच्या मार्गदर्शनाखाली सुधारित सायकल-रिक्षा व विजेवर चालणारी रिक्षा यांवर काम झाले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने २००० नंतरच्या दशकाच्या आरंभी तेथे उभी राहिलेली फॅब लॅब ही अशा प्रकारच्या आद्य प्रयोगशाळांपैकी एक होय. यंत्राचा पुनर्विचार मोठ्या शहरातच होऊ शकतो असे नाही, हे या तिन्ही उदाहरणांवरून दिसून येते.

४. प्लास्टिकच्या चाकांचा पूर्वानुभव

प्लास्टिकच्या चाकाचा विचार करताना जगातील काही अनुभव लक्षात घेणे उपयुक्त ठरते. अमेरिकेत १९७० च्या दशकात मुलांच्या बीएमएक्स सायकलींसाठी काचतंतुमिश्रित नायलॉनची, पाच जाड आऱ्यांची ‘टफ व्हील’ ही चाके लोकप्रिय झाली. वजन अधिक असले तरी ती उड्या व आदळआपट सहन करीत आणि त्यांचा ‘आउट’ काढावा लागत नसे. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘इटेरा’ ही जवळजवळ संपूर्ण प्लास्टिकची सायकल बाजारात आली. सांगाडा व चाके फार लवचिक असल्याने ती चालविताना डुलत असे, आणि काही वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. याउलट जानेवारी १९८४ मध्ये मेक्सिको सिटी येथे फ्रान्सेस्को मोझर यांनी भरीव चकतीच्या चाकांच्या सायकलीवर एका तासात ५१.१५१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. चकती-चाक तारांप्रमाणे हवा घुसळत नाही, हा त्यामागील एक लाभ होता.

या तीन उदाहरणांतून तीन बाबी निष्पन्न होतात. प्लास्टिकला पोलादाचे रूप देऊन भागत नाही, त्याच्यासाठी जाडी व आकार यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. लवचिकता हा दुय्यम प्रश्न नसून मुख्य प्रश्न आहे. आणि चकतीचा वायुगतिक लाभ मोठ्या वेगाला मिळतो, ताशी १२ ते १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विद्यार्थ्याला तो जाणवणार नाही.

५. द्रव्याची निवड

बाजारात सहज मिळणारी दोन पारदर्शक प्लास्टिके म्हणजे अॅक्रिलिक व पॉलिकार्बोनेट. पहिले नामफलक तयार करणाऱ्यांकडे, तर दुसरे छपरांचे पारदर्शक पत्रे विकणाऱ्यांकडे मिळते. दिसायला सारखी असली तरी दोहोंच्या स्वभावात मोठे अंतर आहे.

अॅक्रिलिक १९३३ मध्ये जर्मनीत ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने बाजारात आले. त्यातून सुमारे ९२ टक्के दृश्य प्रकाश पार जातो. त्याचा यंग गुणांक सुमारे ३ गिगापास्कल व घनता १.१९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आहे. ते कडक आहे, परंतु ठिसूळ आहे. तुटण्यापूर्वी ते फारतर ४ ते ५ टक्के लांबते, आणि छिद्राच्या कडेला सुरू झालेला तडा क्षणात आरपार जातो. पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनियल फॉक्स यांना स्वतंत्रपणे लागला. त्याचा यंग गुणांक सुमारे २.३ गिगापास्कल, म्हणजे अॅक्रिलिकपेक्षा कमी असला तरी ते तुटण्याआधी बरेच ताणले जाते, वाकते आणि आघात पचविते. घनता जवळपास तेवढीच, १.२० आहे. भार वाहणाऱ्या भागासाठी म्हणूनच पॉलिकार्बोनेट निवडावे लागते.

मात्र पॉलिकार्बोनेटचे दोष ध्यानात ठेवले पाहिजेत. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे ते पिवळे पडते, त्यामुळे उघड्यावरील वापरासाठी संरक्षक थर असलेला पत्रा घ्यावा लागतो. पेट्रोल, थिनर, अॅसिटोन यांच्या संपर्कात, विशेषतः ताणाखाली असताना, त्यात बारीक तडे जातात. साखळी पेट्रोलने धुण्याची आपल्याकडील सवय या चाकाला घातक ठरेल. नट सैल होऊ नये म्हणून लावले जाणारे आटे चिकटविण्याचे द्रव व प्लास्टिसायझरयुक्त पीव्हीसीचे वॉशर यांचाही परिणाम तसाच होतो.

कापण्याच्या पद्धतीतही फरक आहे. लेझर यंत्रावर अॅक्रिलिकची कड काचेसारखी गुळगुळीत निघते. पॉलिकार्बोनेट मात्र लेझरने पिवळे पडते व करपते, ते करवतीने किंवा राउटरनेच कापावे. त्यामुळे लेझरच्या सुविधेवर विसंबून आराखडा करण्यापूर्वी द्रव्य कोणते, हे आधी ठरविले पाहिजे.

६. रचनेचे प्राथमिक गणित

(अ) प्लास्टिकच्या ताणलेल्या ‘तारा’ का नकोत? कायम ताणाखाली प्लास्टिक हळूहळू लांबत जाते. पोलादी तारेतील पूर्वताण वर्षानुवर्षे टिकतो, प्लास्टिकमधील पूर्वताण मात्र ओसरत जातो. दीर्घकालीन भारासाठी पॉलिकार्बोनेटमधील प्रतिबल सुमारे १४ मेगापास्कलच्या आत ठेवण्याचा संकेत आहे. १००० न्यूटन ताण या मर्यादेत वाहायचा तर प्रत्येक आऱ्याचे छेदक्षेत्र सुमारे ७१ चौरस मिलिमीटर लागेल. अशा ३०० मिलिमीटर लांबीच्या ३६ आऱ्यांचे वजन सुमारे ९२० ग्रॅम भरेल, उलट ३६ पोलादी तारांचे वजन सुमारे २६५ ग्रॅम असते. तिप्पट वजन देऊनही पूर्वताण टिकणार नाही. म्हणून तारेचे अनुकरण सोडून सलग चकतीकडे वळणे योग्य ठरते.

(आ) चकतीचे वजन. ६०० मिलिमीटर व्यासाच्या व ३ मिलिमीटर जाडीच्या एका चकतीचे वजन सुमारे १ किलोग्रॅम होते. चाकाच्या दोन्ही बाजूंना मिळून २ किलोग्रॅम, म्हणजे तारांच्या सातपटींहून अधिक. जाडी १.५ मिलिमीटर केल्यास वजन निम्मे होते, परंतु पत्र्याचा वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो एक-अष्टमांशावर येतो. प्लास्टिकचे चाक हलके असते ही समजूत येथेच दूर होते. चकतीचे वस्तुमान परिघाशी एकवटलेले नसून सर्वत्र पसरलेले असते, त्यामुळे तिचे निरूढी परिबल तेवढ्याच वजनाच्या रिमच्या निम्मे असते, एवढाच दिलासा.

(इ) पीळ वाहण्याची क्षमता. चकतीची ही खरी जमेची बाजू होय. ७५ किलोग्रॅम वजनाचा स्वार १७० मिलिमीटरच्या क्रँकवर पूर्ण वजनाने उभा राहिला तर सुमारे १२५ न्यूटन-मीटर परिबल निर्माण होते. पुढच्या ४४ व मागच्या १८ दात्यांच्या चक्रांमुळे मागील हबवर ते सुमारे ५१ न्यूटन-मीटर राहते. प्रत्येकी १.५ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या हबपाशी ३० मिलिमीटर त्रिज्येवर पकडल्या असता तेथील कातर-प्रतिबल केवळ ३ मेगापास्कलच्या आसपास येते. तारांना त्यासाठी स्पर्शिकेची दिशा व एकमेकींत गुंफण लागते, चकतीला ती लागत नाही.

(ई) बाजूने डुलणे. दोन सपाट चकत्या चाकाच्या मध्यपातळीत एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर चाक बाजूने सहज वाकेल. म्हणून तारांप्रमाणेच चकत्याही हबवर दूर व रिमवर जवळ, म्हणजे उथळ शंकूच्या आकारात असाव्यात. हबच्या दोन कडांतील अंतर ६० मिलिमीटर धरल्यास प्रत्येक चकतीला सुमारे २८० मिलिमीटर अंतरात ३० मिलिमीटरचा उतार द्यावा लागतो. त्यासाठी पत्रा तापविण्याची आवश्यकता नाही. सपाट वर्तुळातून सुमारे २ अंशांची पाचर कापून काढावी व कडा जुळवाव्यात, की शंकू तयार होतो. परिघावर या पाचरीची रुंदी १ सेंटिमीटरच्या थोडी वर भरते. शंकूची वक्रता पातळ पत्र्याला दाबाखाली चुरगळण्यापासूनही वाचविते.

(उ) तापमानाचा परिणाम. पॉलिकार्बोनेट पोलादाच्या पाचपटींहून अधिक प्रसरण पावते. तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक पडल्यास ३०० मिलिमीटर त्रिज्येवर चकती व पोलादी रिम यांच्या प्रसरणांत सुमारे अर्धा मिलिमीटरचे अंतर पडते. उन्हाळ्यात सावलीतून उन्हात ठेवलेल्या चाकाला एवढा फरक सहज अनुभवावा लागेल. म्हणून रिमकडील छिद्रे त्रिज्येच्या दिशेने किंचित लांबट ठेवावी लागतात. लोहाराने धाव चढविताना जे प्रसरण कामाला लावले, तेच येथे अडचण होऊन समोर येते. हे साम्य विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणून देण्याजोगे आहे.

७. बांधणीची पद्धत

प्रयोगासाठी जुन्या सायकलीचे मागचे चाक घ्यावे व रिम आणि हब तसेच ठेवावेत. रिम कायम राहिल्यामुळे टायर, ट्यूब व ब्रेक यांत बदल करावा लागत नाही. पत्र्यावरील संरक्षक कागद काम संपेपर्यंत काढू नये. वर्तुळ आखून बारीक दात्यांच्या करवतीने थोडे बाहेरून कापावे आणि कानशीने व पॉलिशपेपरने कड गुळगुळीत करावी. कडेवर राहिलेला प्रत्येक ओरखडा हा भावी तड्याचा आरंभ असतो. छिद्रे मंद गतीने पाडावीत आणि कडेपासून छिद्राच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर ठेवावे. छिद्राभोवती प्रतिबल सुमारे तिपटीने वाढते, ही बाब जर्मन अभियंता कीर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने सिद्ध केली होती.

हबच्या दोन्ही कडांवर ॲल्युमिनियमची गोल तबकडी बसवून चकती तिच्यात व बाहेरील मोठ्या वॉशरमध्ये पकडावी, म्हणजे भार एका बोल्टवर न येता पसरेल. पाचरीची जोडरेषा त्याच पत्र्याची पट्टी आतून लावून सांधावी, आणि दोन्ही चकत्यांच्या जोडरेषा समोरासमोर न ठेवता एकमेकींपासून अर्ध्या वर्तुळावर ठेवाव्यात. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत. तारा एकदम काढू नयेत. चकत्या बसवून झाल्यावर तारांचा ताण टप्प्याटप्प्याने कमी करीत जावे आणि प्रत्येक टप्प्यावर रिमचे बाजूचे विचलन मोजून नोंदवावे. तारांकडून चकत्यांकडे होणारे भाराचे हस्तांतर या नोंदींतूनच समजते, आणि मोजमापाशिवाय दावा करू नये हा धडाही मिळतो.

८. अदृश्य प्रतिबलाचे दर्शन

आतापर्यंतच्या विवेचनात पारदर्शकतेला सौंदर्यापलीकडे काही स्थान नव्हते. तिचे खरे महत्त्व येथे स्पष्ट होते. डेव्हिड ब्रूस्टर यांना १८१५ च्या सुमारास असे आढळले की, दाबलेली काच ध्रुवित प्रकाशात पाहिल्यास तिच्यात रंग दिसतात. दाबामुळे किंवा ताणामुळे पारदर्शक पदार्थात दोन परस्परलंब दिशांना प्रकाशाचा वेग भिन्न होतो. या दोन प्रकाशघटकांत पडलेल्या अंतरामुळे व्यतिकरण होऊन रंगीत पट्टे उमटतात. यालाच प्रकाशस्थितिस्थापकता म्हणतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अर्नेस्ट कोकर यांनी सेल्युलॉइडच्या प्रतिकृती वापरून ही पद्धत अभियांत्रिकीत आणली, आणि कोकर व फिलॉन यांचा या विषयावरील प्रमाणग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठातील रॉबर्ट मार्क यांनी युरोपातील मध्ययुगीन चर्चवास्तूंच्या प्लास्टिक प्रतिकृती याच रीतीने अभ्यासल्या.

या प्रयोगासाठी महागडे उपकरण लागत नाही. संगणकाच्या एलसीडी पडद्यातून बाहेर पडणारा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो. पडदा पूर्ण पांढरा ठेवावा व त्यासमोर पोलरॉइडचा तुकडा धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवावा. आता दोहोंच्या मध्ये कंपासपेटीतील पारदर्शक गुण्या किंवा कोनमापक धरला तरी साच्यात गोठलेल्या प्रतिबलाचे रंग दिसू लागतात. वर्गातील कुतूहल जागे करण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

यानंतर ३ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटमधून १५० मिलिमीटर व्यासाचे, ६ मिलिमीटर रुंदीच्या आठ आऱ्यांचे छोटे चाक कापावे. एका आऱ्याचे छेदक्षेत्र १८ चौरस मिलिमीटर होते. मध्यछिद्रातून ५ किलोग्रॅमचा भार खाली लावला आणि तो सर्वस्वी खालच्या उभ्या आऱ्यावर आला असे मानले, तर तेथील प्रतिबल सुमारे २.७ मेगापास्कल येते. या जाडीच्या पॉलिकार्बोनेटमध्ये मुख्य प्रतिबलांतील सुमारे २.४ मेगापास्कल फरकाला एक पूर्ण पट्टा उमटतो. म्हणजे काळ्यातून राखाडी, पांढरा, पिवळा असे होत जांभळट तांबड्यापर्यंतचा रंगक्रम डोळ्यांसमोर घडावयास हवा. प्रत्यक्षात भाराचा काही वाटा वर्तुळाकार कडेतूनही वाहतो, म्हणून रंग थोडा मागे राहील. तो किती मागे राहतो, हाच विद्यार्थ्यांच्या मापनाचा विषय होय. अॅक्रिलिकची ही संवेदनशीलता अनेक पटींनी कमी असल्याने तेवढ्याच भाराला त्यात जवळजवळ काहीच दिसत नाही. चाकासाठी पॉलिकार्बोनेट निवडण्याचे हे दुसरे कारण.

तीन पथ्ये सांभाळावी लागतात. आरा ध्रुवणाच्या दिशेला समांतर किंवा लंब असेल तर भार असूनही तो काळाच दिसतो, म्हणून ध्रुवणाची दिशा आऱ्याशी ४५ अंशांचा कोन करील अशी मांडणी करावी. पत्र्यात उत्पादनावेळचे अवशिष्ट प्रतिबल असते, त्यामुळे भार लावण्यापूर्वीचे चित्र नोंदवून ठेवावे. आणि रंगावरून प्रतिबलाचे परिमाण कळते, ते ताणाचे आहे की दाबाचे हे कळत नाही. त्यासाठी पॉलिकार्बोनेटची हाताने ताणलेली पट्टी आऱ्याला समांतर धरावी. रंगक्रम पुढे सरकला तर आरा ताणात आहे, मागे आला तर दाबात.

या प्रतिरूपात खालचा आरा दाबात असल्याचे दिसते, म्हणजे ते बैलगाडीच्या चाकासारखे वागते. तारांच्या चाकाचे वेगळेपण दाखविण्यासाठी एका बांगडीच्या मध्यभागी गुंडी ठेवून ती शिवणाच्या दोऱ्यांनी चहूकडून ताणून बांधावी. दोरा दाब सहन करीत नाही, तरीही बांगडी उभी धरून गुंडी खाली दाबली असता ती जागा सोडत नाही. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून जी खेळणी घडविली, त्या परंपरेला हे साजेसे आहे. बांगडीचे आणि प्लास्टिकचे अशी दोन प्रतिरूपे शेजारी ठेवली म्हणजे दाबाचे चाक आणि ताणाचे चाक यांतील भेद सूत्राशिवाय समजतो.

९. मर्यादा व सुरक्षितता

पूर्ण आकाराचे, केवळ चकत्यांवर उभे असलेले चाक रस्त्यावर वापरू नये, असे स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक वाटते. खाचखळगे, उष्णता व वारंवार येणारा भार यांखाली प्लास्टिकमध्ये तडे कधी सुरू होतील, याचा अंदाज साध्या गणिताने येत नाही. शिराळ्याच्या पश्चिमेकडील चढ-उतारांच्या रस्त्यांवर तर हा धोका अधिकच. असे चाक प्रयोगचौकटीत बसवून स्थिर भाराखाली अभ्यासावे. रस्त्यावर न्यायचेच असेल तर तारा तशाच ठेवून पातळ चकत्या केवळ आवरण म्हणून बसवाव्यात, आणि तेही मागच्या चाकालाच. ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या आडव्या वाऱ्याचा ६०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर सुमारे १७ न्यूटन दाब येतो. पुढच्या चाकावर हे बल हँडल वळवू पाहते. तसेच अॅक्रिलिक जोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकांची वाफ आरोग्यास अपायकारक असल्याने असे काम हवेशीर जागेत व शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

एक, पारदर्शक प्लास्टिकचे चाक तारांच्या चाकापेक्षा हलके नसते. समान कामासाठी ते कितीतरी जड होते. पोलादी तारेची कार्यक्षमता तिच्या पूर्वताणात आहे, आणि प्लास्टिक तो टिकवू शकत नाही.

दोन, द्रव्य बदलले की रचनेचे तत्त्वही बदलावे लागते. लाकडाला दाब, पोलादी तारेला ताण आणि प्लास्टिकच्या पत्र्याला शंकूचा आकार मानवतो.

तीन, पॉलिकार्बोनेटचे चाक स्वतःवरील भार रंगांत दाखविते. एक एलसीडी पडदा, पोलरॉइडचा तुकडा व हातभर पत्रा एवढ्या साहित्यावर पदवी स्तरावरील स्थितिकी, प्रकाशशास्त्र व द्रव्यविज्ञान हे तीन घटक एकत्र शिकविता येतात. भौतिकशास्त्र विभागाने प्रयोगाची मांडणी, गणित विभागाने प्रतिबलाचे आकडेमोडीचे काम आणि रसायनशास्त्र विभागाने प्लास्टिकच्या रेणुरचनेचे विवेचन करावे, अशी वाटणी लहान महाविद्यालयातही शक्य आहे.

चार, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचे मूल्यमापन करताना वस्तूच्या नावीन्यापेक्षा तिच्याविषयी केलेला दावा तपासला गेला आहे काय, याला अधिक महत्त्व द्यावे. जे चाक सायकलीसाठी उणे ठरले, तेच प्रयोगशाळेसाठी मोलाचे ठरू शकते. हे मोल ओळखून त्याची नेमकी नोंद करावयास विद्यार्थ्याला शिकविणे, हे अध्यापकाचे काम होय. धाव चढविणाऱ्या लोहाराला आणि ‘आउट’ काढणाऱ्या सायकल कारागिराला जे हाताने उमगले होते, ते आपल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांनी पाहता येईल आणि आकड्यांत मांडता येईल, एवढे साधन आता ग्रामीण महाविद्यालयाच्याही आवाक्यात आले आहे.